जुन्या गाडीच्या इंजिनात मधूनच ठकठक येते? गॅरेजला जाण्याआधी काय तपासाल

कधी येणारा, कधी गायब होणारा आवाज शोधायचा तर आधी तो हवा तेव्हा काढता आला पाहिजे. गॅरेजला नेली की गाडी नेमकी शांत बसते, हा सगळ्यांचाच अनुभव. मेकॅनिक बॉनेट उघडतो, दोनदा रेस देतो आणि एक तर "काही नाही, बिनधास्त चालवा" म्हणतो, नाहीतर "इंजिन उतरवावं लागेल" म्हणतो. दोन्ही उत्तरं अंदाजाची असतात. आवाज कोणत्या परिस्थितीत येतो हे तुम्ही नेमकं सांगू शकलात, तर त्याचं अर्धं काम तिथेच होतं. म्हणून पुढे सगळा भर "आवाज कुठून येतो" यापेक्षा "कधी येतो" यावर ठेवला आहे.

डोळ्यांसमोर आहेत त्या ठाणे-नवी मुंबईत अजून रोज धावणाऱ्या जुन्या पेट्रोल आणि पेट्रोल-सीएनजी गाड्या: आठशे, झेन, अल्टो, वॅगन-आर, सँट्रो. डिझेलबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

पहिलं काम: ऑइल

ठोका ऐकू आला की बाकी काहीही करण्याआधी डिपस्टिक काढा. गाडी सपाट जागेवर हवी. सोसायटीच्या पोडियमच्या उतारावर उभी असेल तर रीडिंग चुकतं. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, म्हणजे वरचं ऑइल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, उतरेल. काडी पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल तर टॉप-अप केल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. ऑइल कमी असलं की वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर ते चेंबरच्या एका बाजूला जातं, ऑइल पंपाला क्षणभर हवा मिळते आणि बेअरिंग (फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या धातूच्या वाट्या) कोरडं वाजतं. पुढच्याच क्षणी सगळं शांत. मधूनच येणाऱ्या आवाजाचं इतकं साधं कारण कितीतरी वेळा असतं.

आता काडीवरचं ऑइल एका जुन्या पांढऱ्या सुती कापडावर टिपा आणि ते कापड उन्हात नेऊन तिरकं धरा. ऑइल काळं असणं ठीक आहे, ते त्याचं कामच करतंय. बघायचं ते वेगळंच: काळ्या डागाच्या कडेला जिथे तेल पसरत पातळ होतं, तिथे बारीक चमक दिसते का? कापड हलवल्यावर लुकलुकणारे कण दिसले तर ती धातूची भुकटी आहे. तांबूस झाक असेल तर बेअरिंगचा वरचा थर झिजून खालचा तांब्याचा थर उघडा पडला असण्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या. ऑइल दुधट असेल तर त्यात पाणी मिसळतंय, आणि पेट्रोलचा भपका येत असेल तर ते पातळ झालंय. दोन्हींत बेअरिंगचं संरक्षण जातं.

डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा चालत्या गाडीत क्षणभर जरी लुकलुकला आणि त्याच वेळी ठोका आला, तर घोडबंदर रोडवर असाल तरी इंडिकेटर देऊन बाजूला व्हा आणि इंजिन बंद करा. "घर दोन किलोमीटरवरच आहे" हा विचार इथे महागात पडतो. दिवा लागेपर्यंत दाब फारच खाली आलेला असतो. तो धोक्याची सूचना आधी देत नाही, धोका सुरू झाल्यावर देतो.

गाडी नुकतीच सेकंडहँड घेतली असेल तर ऑइल कोणत्या ग्रेडचं आहे तेही विचारा. आवाज दाबण्यासाठी जाड ऑइल किंवा डब्यातलं घट्ट औषध घालून गाडी विकणारे आहेत. त्याने ठोका काही दिवस दबतो, झीज मात्र चालूच राहते. मॅन्युअलमध्ये सांगितलेला ग्रेडच वापरा.

आवाजाची नोंद ठेवा

ऑइल ठीक असेल तर घाई करू नका. मोबाइलमध्ये एक नोंद उघडा आणि आवाज आला की, गाडी थांबवल्यावर, लिहून ठेवा: इंजिन थंड होतं की तापलेलं, गिअर कोणता, चढ होता का, अॅक्सिलरेटर दाबलेला होता की सोडलेला, एसी चालू होता का, पेट्रोलवर होती की सीएनजीवर, क्लच दाबल्यावर आवाज बदलला का, आणि शेवटचं इंधन कधी भरलं. शेजारी कोणी असेल तर रेकॉर्डिंग करायला सांगा. आरपीएमचा काटा फ्रेममध्ये आला तर उत्तमच. गाडी चालवताना स्वतः फोन हातात घेऊ नका.

यातला थंड-गरम हा तपशील सगळ्यात मोलाचा. सकाळी पहिल्या स्टार्टला पोकळ टकटक येते आणि इंजिन तापल्यावर ती विरते, तर पिस्टन आणि बोअर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) यांच्यातली फट वाढलेली असते. पिस्टन तापून फुगला की फट कमी होते. अशी गाडी ऑइल सांभाळून वर्षानुवर्षं चालते. उलट, सकाळी शांत असलेली गाडी तीन हात नाक्याच्या सिग्नलवर रखडून तापल्यावर खालून जड ठोका देऊ लागली, तर काळजी करा. गरम ऑइल पातळ होतं, दाब घटतो आणि झिजलेलं बेअरिंग तेव्हाच बोलतं. स्टार्ट केल्यावर दोन-तीन सेकंद खडखड होऊन थांबत असेल, तर बहुधा टायमिंग चेनचा टेन्शनर किंवा ऑइल फिल्टरमधला, ऑइल परत न जाऊ देणारा व्हॉल्व्ह बघावा लागेल. स्वस्तातला फिल्टर बदलून चांगला लावल्यावर हा आवाज गेल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

आवाज इंजिनाचाच आहे ना?

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून, उघड्या जागेत उभी करा. बेसमेंट पार्किंगमध्ये हे करू नका. सायलेन्सरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हळूहळू रेस वाढवा, मग एकदम सोडा. उभ्या गाडीत आवाज कधीच येत नसेल आणि फक्त खड्ड्यात, स्पीड ब्रेकरवर किंवा वळताना येत असेल, तर इंजिनाला हात लावू नका. सस्पेन्शनचे भाग, म्हणजे लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, शॉकअपची वरची माउंटिंग तपासून घ्या. पावसाळ्यानंतर आपल्याकडच्या सर्व्हिस रोडवरून गेलेल्या गाडीत हेच जास्त निघतं.

दुसरा संशयित म्हणजे इंजिन ज्या रबरांवर बसतं ती फाउंडेशन. रबर फाटलं की गाडी उचलताना आणि रिव्हर्स टाकताना इंजिन झोका घेतं आणि "धप्प" असा एकच ठोका बसतो. तपासायला दोन माणसं लागतात. एकाने हँडब्रेक ओढून आणि पायाने ब्रेक दाबून ठेवून पहिल्या गिअरमध्ये क्लच जेमतेम पकडेपर्यंत सोडायचा आणि लगेच दाबायचा, मग तेच रिव्हर्समध्ये. दुसऱ्याने बाजूला उभं राहून इंजिन किती उचलतं ते बघायचं. बाजूलाच, गाडीच्या पुढे किंवा मागे नाही. सायलेन्सरचा पाइप गाडीखालच्या आडव्या पट्टीला (क्रॉस मेंबरला) लागणं, त्यावरचं उष्णता अडवणारं पत्र्याचं कव्हर सैल होणं, हेही याच गटातलं. थंड असताना हाताने हलवून बघितलं की कळतं.

लोडवर येणारी खणखण, आणि सीएनजीचा फायदा

आता आपल्या भागातल्या गाड्यांमधलं सगळ्यात सामान्य प्रकरण. सपाट रस्त्यावर काही नाही, पण माजिवड्याच्या फ्लायओव्हरवर, मुंब्रा बायपासच्या चढावर किंवा बेलापूरच्या पारसिक हिलवर चढताना, वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबला की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. पाय उचलला की बंद. हा आवाज धातूवर धातू आपटल्याचा नाही. सिलिंडरमधलं हवा-इंधनाचं मिश्रण ठिणगीपासून पद्धतशीर जळत जाण्याऐवजी त्याचा उरलेला भाग स्वतःहूनच एकदम पेटतो, आणि त्या दाबाच्या लाटेने सिलिंडर खणखणतो. खरं नॉकिंग म्हणतात ते हेच. ते असंच चालू दिलं तर पिस्टनचा माथा आणि रिंगा खराब होतात, पण वेळीच धरलं तर इंजिन न उघडताही जातं.

पहिली परीक्षा फुकटातली आहे: त्याच चढावर एक गिअर खाली घ्या. आवाज गेला तर इंजिनावर अवाजवी लोड येत होता. पेट्रोल वाचवायचं म्हणून चौथ्या गिअरमध्ये तीसच्या स्पीडला चढ चढवणारे खूप जण आहेत. त्यात वाचत काही नाही.

दुसरी परीक्षा सीएनजी असेल तरच करता येते आणि ती मला सगळ्यात विश्वासाची वाटते. सीएनजीचा ऑक्टेन (इंधन स्वतःहून न पेटण्याची क्षमता) पेट्रोलपेक्षा खूप जास्त, साधारण १२० च्या वर असतो, त्यामुळे त्यावर अशी खणखण सहसा होत नाही. तोच चढ, तोच गिअर, तोच स्पीड, एकदा पेट्रोलवर आणि एकदा सीएनजीवर करून बघा. फक्त पेट्रोलवर आवाज आला तर दोष ज्वलनात आहे: टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), कार्बन, मिश्रण, तापमान किंवा इंधन. दोन्हींवर सारखाच आला तर दोष लोखंडात शोधा.

आता "मधूनच" का येतो त्याचं कारण. सीएनजी पेट्रोलपेक्षा हळू जळतं, म्हणून किट बसवताना टायमिंग थोडं पुढे घेतलं जातं, म्हणजे ठिणगी जरा लवकर पडते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत मेकॅनिक डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटून देणारा भाग) फिरवून ते कायमचंच पुढे करून ठेवतो. इंजेक्शनच्या गाडीत कधीकधी टायमिंग पुढे करणारं वेगळं छोटं युनिट लावतात. गाडी सीएनजीवर असताना सगळं गोड. पण पंपावरची रांग बघून तुम्ही पुढे निघालात, सीएनजी संपला आणि गाडी पेट्रोलवर गेली की त्याच पुढे घेतलेल्या टायमिंगवर पेट्रोल जळतं आणि चढावर खणखण सुरू होते. दुसऱ्या दिवशी सीएनजी भरला की आवाज नाहीसा. मालकाला वाटतं गाडी आपोआप बरी झाली. आमच्या ओळखीच्या एका काकांच्या वॅगन-आरमध्ये नेमकं हेच झालं होतं: त्यांना बोअर-पिस्टनचं कोटेशन मिळालं होतं, आणि दोष निघाला टायमिंगच्या युनिटची वायर सैल असण्यात.

उरलेली कारणं एकेक करून तपासा. कूलंट कमी आहे का, रेडिएटरचा पंखा वेळेवर लागतो का, तापमानाचा काटा ट्रॅफिकमध्ये वर सरकतो का ते बघा. गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका. प्लग काढून बघा; कंपनीने सांगितलेल्या क्रमांकाचेच आहेत ना? टोक पांढरंफटक असेल तर मिश्रण पातळ (हवा जास्त, इंधन कमी) आहे किंवा प्लग जास्त तापतोय. एअर फिल्टरच्या पुढचा एखादा व्हॅक्युम पाइप तडकला तरी मिश्रण पातळ होतं. कायम पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत कार्बन साठतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत तर चावी काढल्यावरही इंजिन दोन-चार गचके खात चालत राहतं, ती त्याची खूण.

पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलने खणखण वाढते का, हा प्रश्न बहुतेक जण विचारतात. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन जास्त आहे, त्यामुळे २० टक्के मिश्रणाने नॉकिंग वाढतं असं सरसकट म्हणता येत नाही. पण जुन्या गाडीत दोन गोष्टी घडू शकतात: कार्ब्युरेटर जुन्या पेट्रोलसाठी जुळवलेला असल्याने मिश्रण पातळ होतं, आणि टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सुटून फिल्टर तुंबतो. फ्युएल फिल्टर बदलणं हा यावरचा पहिला, स्वस्त उपाय. पुढच्या वेळी टाकी जवळजवळ रिकामी करून दुसऱ्या, गर्दीच्या पंपावर पेट्रोल भरा आणि तोच चढ चढून बघा.

नॉक सेन्सर (खणखण ओळखणारा सेन्सर) असलेल्या गाडीत सेन्सर किंवा त्याची वायर गेली की ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, खणखण ऐकूच येत नाही. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत दोष तपासण्याचा स्कॅनर जोडायचं ओबीडी-२ सॉकेट असतं. स्कॅनर लावून पी०३२५ सारखा कोड येतो का ते दोन मिनिटांत कळतं. कोड नाही म्हणजे दोष नाही असं मात्र समजू नका, झिजलेलं बेअरिंग कोणत्याच स्कॅनरला दिसत नाही.

उभ्या गाडीत येणारा ठोका

उभ्या गाडीत आवाज काढता येत असेल तर ठेका ऐका. व्हॉल्व्ह उघडणारा वरचा दांडा (कॅमशाफ्ट) पिस्टनना जोडलेल्या खालच्या दांड्याच्या (क्रँकच्या) निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून व्हॉल्व्ह दाबणाऱ्या टॅपेटचा आवाज बारीक, वरून येणारा आणि संथ असतो: टिक, टिक, टिक. क्रँकच्या बाजूचा ठोका त्याच्या दुप्पट वेगाने, खालून आणि जड येतो. डिस्ट्रिब्युटरच्या गाडीला मेकॅनिककडची टायमिंग लाइट लावली तर हे डोळ्यांनी दिसतं. एका प्लगच्या वायरवर ती क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा चमकते. एका चमकेला एक ठोका आला तर वरचं, दोन आले तर खालचं.

टॅपेट वाजणं तितकंसं गंभीर नाही. ज्या इंजिनात गॅप अॅडजस्ट होतो तिथे अर्ध्या दिवसाचं काम. सीएनजीच्या जुन्या गाड्यांबद्दल एक खास गोष्ट लक्षात ठेवा. तिथे व्हॉल्व्हची सीट झिजत जाते आणि गॅप वाढण्याऐवजी कमी होतो. म्हणजे टॅपेट अगदी शांत झालेत यात खूश होण्यासारखं काही नाही, व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर तो जळतो. अशा गाडीचा गॅप ठरावीक अंतराने मोजूनच घ्या.

आवाजाची जागा शोधायला लांब स्क्रू ड्रायव्हर पुरतो. टोक इंजिनाच्या भागावर टेकवा, मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावा. बाह्या दुमडा, ओढणी-गळ्यातली साखळी बाजूला ठेवा, बेल्ट आणि पंख्यापासून लांब राहा. इलेक्ट्रिक पंखा न सांगता सुरू होतो. हेड, ब्लॉकची मधली बाजू, चेंबरची कड, अल्टरनेटर, वॉटर पंप, एसी कॉम्प्रेसर असं एकेक ऐका. अल्टरनेटरचं बेअरिंग किंवा सैल झालेली क्रँक पुली हुबेहूब बेअरिंगच्या ठोक्यासारखी वाजते, आणि या चुकीपायी चांगली इंजिनं उघडली गेली आहेत. खात्रीसाठी इंजिन बंद करून अल्टरनेटर-एसीचा बाहेरचा बेल्ट काढा (टायमिंगचा नाही) आणि इंजिन फक्त अर्धा मिनिट चालवा. आवाज गेला तर दोष बेल्टवर फिरणाऱ्या एखाद्या भागात. वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर इंजिन तापतं, म्हणून अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नको.

क्लच दाबून बघा. सोडलेला असताना घरघर आणि दाबल्यावर शांत, तर गिअरबॉक्सचं इनपुट बेअरिंग. दाबल्यावर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग.

शेवटची परीक्षा कोणत्या सिलिंडरचा ठोका आहे ते सांगते. इंजिन आयडलिंगला ठेवून एकेका इंजेक्टरचं कनेक्टर काढायचं आणि परत लावायचं. ज्या सिलिंडरचं काढल्यावर ठोका दबतो किंवा बदलतो, त्याच्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग संशयित, कारण तिथला स्फोटाचा दाब गेला. ठोका तसाच राहिला तर मेन बेअरिंग, पुली किंवा फ्लायव्हील बघावं लागेल. चालू इंजिनावर प्लगची वायर हाताने ओढू नका. झटका जबरदस्त असतो, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जाळतं. सवय नसेल तर ही परीक्षा मेकॅनिकसमोर त्याच्याच हातून करून घ्या.

गाडी पाण्यातून गेली होती का?

हा प्रश्न पावसाळ्यानंतर आलेल्या प्रत्येक नव्या ठोक्याला विचारा. वंदना टॉकीजजवळ किंवा एखाद्या सबवेत तुंबलेल्या पाण्यातून गाडी नेली, बंद पडली, सुकवून पुन्हा सुरू झाली. सगळं ठीक वाटतं. पण एअर फिल्टरमधून थोडं पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड किंचित वाकतो. वाकलेला रॉड पिस्टन तिरका ओढतो, आवाज आठवड्यांनी सुरू होतो आणि एकाच सिलिंडरचा कॉम्प्रेशन कमी दाखवतो. सेकंडहँड गाडीत एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाशी सुकलेल्या गाळाची रेघ आहे का ते बघा.

डिझेलसाठी

डिझेल इंजिन ठोके देतंच. बदललेला आवाज तेवढा ओळखायचा. एकाच सिलिंडरचा तीक्ष्ण ठोका आणि सोबत धूर असेल तर इंजेक्टर तपासून घ्या. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत मिस्त्री इंजेक्टरचा नट किंचित सैल करून सिलिंडर ओळखत असत. कॉमन रेल गाडीत हे चुकूनही करू नका: तिथला दाब हजार बारच्याही वर जातो आणि निसटलेली धार त्वचेतून आत शिरते.

गॅरेजमध्ये काय मागाल

नोंदी आणि रेकॉर्डिंग दाखवा, आणि मेकॅनिकला सोबत घेऊन तो चढ किंवा तो सिग्नल गाठा. खालचा ठोका असेल तर इंजिन उतरवायला होकार देण्याआधी दोन कामं मागा. एक, ऑइलच्या स्विचच्या जागी दाबाचा गेज लावून तापलेल्या इंजिनाचं रीडिंग, मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून. दोन, बऱ्याच गाड्यांत इंजिन न उतरवता फक्त चेंबर खोलता येतो. तो खोलून संशयित रॉडची कॅप काढून बेअरिंगच्या वाट्या बघायच्या. रॉडची वरची वाटी आधी झिजते, म्हणून खालची बघून समाधान मानू नका, दोन्ही काढायला सांगा. क्रँकवर नख फिरवून चर लागत नसेल आणि मापात असेल, तर नव्या वाट्यांवर भागू शकतं. चर लागला तर क्रँक घासून अंडरसाइज वाट्या टाकाव्या लागतात. घासण्याआधीचं आणि नंतरचं मायक्रोमीटरचं माप कागदावर लिहून घ्या, आणि वाट्या का झिजल्या हे विचारा: ऑइल पंप, तुंबलेली जाळी की कमी पडलेलं ऑइल. ते कारण सापडल्याशिवाय चेंबर परत लावू देऊ नका.